पप्पांनी तपासलेला कॉम्प्युटर

गेल्या रविवारी पिंपरीला आई-पप्पांच्या घरी गेले, तेव्हा आईने माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलेलं होतं. फुटकी बादली, कुकरची दोन झाकणं आणि भिंतीला टेकवून ठेवलेला माझा जुना कॉम्प्युटर. "चारला भंगारवाला येणार आहे. तुझं काही त्यात असलं तर काढून घे," आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. पप्पा विहारात गेले होते.

मी फरशीवर मांडी घातली, मागचे दोन स्क्रू बोटांनीच सोडवले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आतला वास एकदम अंगावर आला. नुसत्या धुळीचा नव्हे. तापून तापून करपत गेलेल्या धुळीचा, गरम प्लास्टिकचा, आणि त्याखाली, मला उगाच वाटलं असेल, पप्पांच्या कंपनीतल्या कूलंटचा. लोखंड कापताना त्यावर सोडतात ते दुधासारखं पांढरं पाणी. पहिली शिफ्ट संपवून पप्पा दुपारी घरी यायचे तेव्हा तो वास त्यांच्याआधी दारातून आत शिरायचा.

आतल्या प्रत्येक वस्तूवर तिळाएवढा हिरवा ठिपका होता. मदरबोर्डच्या कोपऱ्यावर, रॅमच्या पट्टीवर, पंख्याच्या पाठीवर. ग्राफिक्स कार्डावर मात्र दोन ठिपके होते. एक लाल, थोडा फाकलेला. शेजारी हिरवा.

पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार गिअर त्यांच्या टेबलावर यायचे. एकेक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. बरोबर असला तर हिरवा ठिपका, नसला तर लाल. तीस वर्षं. खिशात दोन मार्कर कायम असायचे आणि धुतलेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली दोन डाग, लाल आणि हिरवा, जन्मखुणेसारखे.

घरी आल्यावरही ते नख थांबायचं नाही. नारळ कानाशी हलवून बघायचा. गॅसच्या टाकीचं सील चष्मा लावून वाचायचं. दिवाळीचा नवा शर्ट आणला की आधी उलटा करायचा आणि शिवण ओढून बघायची. आई हसायची, पण तीही चोरून दुधाच्या पिशवीवरची तारीख बघायला शिकली होती. "देणाऱ्याचं तोंड बघू नये, माल बघावा," असं पप्पा म्हणायचे. प्रत्यक्षात ते दोन्ही बघायचे. पाहुणे उठून गेले की दार लोटून पहिला प्रश्न, "काय काम होतं याचं?"

एकदाच, मी लहान असताना, त्यांनी सांगितलं होतं की नोकरीला लागले तेव्हा सुटीच्या वेळी गेटवरचा माणूस सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघायचा आणि यांची मात्र उलटी करायचा. डबा, चमचा, रुमाल, सगळं टेबलावर. रोज. मग इन्स्पेक्शनचं टेबल मिळालं. 

मी एकोणीस वर्षांची होते. मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष तोंडावर आलं होतं. लॉकडाऊन उठून कॉलेज नुकतंच भरायला लागलं होतं. घरात कोंडून घेतलेल्या त्या महिन्यांत मला मोबाईलवर गेम खेळायचा नाद लागला होता. तडा गेलेल्या काचेवर बोट कापायचं, तरी खेळायचे. मोठ्या स्क्रीनवर, खऱ्या वेगाने खेळायचं एवढंच डोक्यात होतं. पण आमच्या घरात हे कोण म्हणणार? मी पप्पांना सांगितलं, "ड्रॉइंगला कॉम्प्युटर लागतोय. गिअर, शाफ्ट, सगळं आता स्क्रीनवरच काढतात."

पप्पांनी जेवता जेवता मान वर केली. मी पुढच्या प्रश्नासाठी उत्तरं तयार ठेवली होती. कोणतं सॉफ्टवेअर, कुणी सांगितलं, बाकीच्या पोरी काय करतात. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मग चांगलाच घ्यायला पाहिजे."

बस, एवढंच.

तो मे महिना मला अजून अंगावर आठवतो. दुपारी पत्रे कडकडायचे, कूलरच्या वाळ्याला ओला वास यायचा आणि मी कॅलेंडरच्या पानामागे यादी लिहायचे. प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅम. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटून देणारा डबा. ग्राफिक्स कार्ड, ज्याच्याशिवाय गेम चालतच नाही आणि जे त्या वर्षी सोन्यासारखं महागलं होतं. माझ्या शिकवण्यांचे आणि पप्पांनी घातलेले पैसे मिळून जेवढे होते, त्यात एक वस्तू चांगली घ्यावी तर दुसरी हलकी घ्यावी लागायची. मी रोज पुसायचे, रोज नव्याने लिहायचे. मोबाईलवरच्या व्हिडिओंत माणसं तावातावाने सांगायची की हेच घ्या, तेच घ्या, आणि शेवटी कळायचं की ती वस्तू त्यांना फुकट मिळाली होती. कुणावर विश्वास ठेवावा ते कळेना. पप्पांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. "सगळे विकायलाच बसलेत," ते म्हणाले. "आपण जाऊन हातात घेऊन बघू."

चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानात आम्ही तीन शनिवार गेलो. दुकानदार पप्पांपेक्षा बराच लहान होता. पहिल्या दिवशी त्याने हसतमुखाने एक एसएमपीएस पुढे ठेवला. "काका, डोळे झाकून घ्या. यात सगळं येतं."

"डोळे झाकून कशाला घ्यायचं?" पप्पांनी तो तळहातावर तोलला. मग दुसरा, महागातला, दुसऱ्या तळहातावर. "याच्यात माल कमी आहे."

"ओ काका, मोसंबी आहेत का ती?"

पप्पांनी दोन्ही खोकी काखेत मारली आणि शेजारच्या किराणा दुकानात गेले. वाण्याच्या काट्यावर आधी हे, मग ते. स्वस्तातला निम्माही भरला नाही. वाणी, दोन गिऱ्हाईकं आणि एक रिक्षावाला, सगळे काट्याकडे बघत होते. दुकानदार दारात येऊन उभा राहिला होता. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पप्पा परत आले, महागातला टेबलावर ठेवला, हिरवा मार्कर काढला आणि खालच्या बाजूला ठिपका दिला. "हा द्या."

दुसऱ्या शनिवारी रॅमच्या पाकिटावरचा नंबर आणि आतल्या पट्टीवरचा नंबर जुळत नाही हे त्यांनी पकडलं, तेव्हा मात्र दुकानदाराने खुर्ची दिली आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "भाऊ, काकांना सील तोडायच्या आधी दाखवत जा."

त्या दिवशी बसथांब्यावर पप्पा किती खुशीत होते! कागदी पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन मार्कर होते. मला त्या दिवशी माहीत नव्हतं, आईने नंतर सांगितलं, की कंपनीत तपासणीचं स्वयंचलित मशीन येऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि पप्पांना पॅकिंगला बसवलं होतं. तिथे मार्करची गरज नसते. तरी ते रोज सकाळी खिशात घालून जायचे.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवं परवडणारं नव्हतं. जुन्यांच्या बाजारात तेव्हा एकच भीती होती. बिटकॉईनसारखा पैसा कमवायला लोकांनी अशी कार्डं महिनोन्‌महिने न थांबता राबवली होती आणि दमलेली कार्डं पुसून 'फक्त घरी वापरलेलं' म्हणून विकायला काढली होती. चाकणला एकाच्या खोलीत गेलो तर भिंतीला दहा हुक आणि दहा काळपट डाग. "एकच आहे माझ्याकडे, भावा," तो माणूस पप्पांना सांगत होता. पप्पांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही जिना उतरलो.

मग दिघीचं कार्ड मिळालं. अमेय नावाच्या मुलाने विकायला काढलेलं. तो नोकरीला बंगळूरला गेला होता. कार्ड घरी आईकडे होतं. मला हवं होतं तेच, माझ्या पैशांत बसणारं. एवढ्या योगायोगाचीच पप्पांना शंका आली.

दुसरा मजला. खिडकीतून लष्कराच्या हद्दीतली झाडं दिसत होती, मैलभर नुसती झाडं, आणि इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. अमेयच्या आईने, काकूंनी, आम्हाला बसवलं आणि स्टीलच्या ग्लासांतून पाणी आणलं. समोरच्या शोकेसमध्ये काचेचे ग्लास ओळीने मांडलेले होते. पप्पांची नजर तिकडे गेलेली मी बघितली. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. मग तहान लागली होती तरी मीही लावला नाही.

काकूंनी मुलाच्या जुन्या टी-शर्टात गुंडाळलेलं कार्ड आणलं. गुंडाळी सोडताना त्या जपून सोडत होत्या. पप्पा ते घेऊन गॅलरीच्या उजेडात गेले. उलटं केलं. नख फिरवलं. हुंगलं.

"हे उघडलेलं आहे."

"छे हो. अमेय कुणाला हात लावू द्यायचा नाही त्याला."

"स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत. स्क्रू ड्रायव्हर लागलाय इथं."

"मला त्यातलं काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण माझा मुलगा खोटं बोलत नाही."

"मग कोण बोलतंय?"

काकूंचा चेहरा उतरला. क्षणभर त्या टेबलावरच्या वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव काय म्हणालात तुमचं?" पप्पांनी नाव सांगितलं. "आणि आडनाव?"

हा प्रश्न कानावर पडला की समोरच्याच्या चेहऱ्यावर पुढे काय होतं, ते वाचायला आमच्या घरात सगळे लहानपणीच शिकतात. पप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी आडनाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग खिशातून लाल मार्कर काढला, टोपण उघडलं आणि त्या परक्या घरात, परक्या वस्तूवर ठिपका दिला.

"रिजेक्ट," ते म्हणाले, आणि कार्ड टीपॉयवर ठेवून बाहेर पडले.

मी चप्पल घालताना मागे वळून बघितलं. काकू ओरडल्या नाहीत. त्या पदराच्या टोकाने तो ठिपका पुसत होत्या आणि तो निघण्याऐवजी पसरत होता.

लष्कराच्या भिंतीकडेने आम्ही चालत होतो. पप्पा म्हणाले, "काचेचे ग्लास कपाटात आणि आपल्याला स्टीलचे. बघितलंस?"

"पप्पा, आपल्या घरी पण स्टीलच्याच ग्लासात देतो पाणी."

ते भराभर पुढे चालायला लागले. 

तिसऱ्या दिवशी अमेयचा फोन आला. मला वाटलं भांडायला केलाय. तो म्हणाला, "कार्ड मीच उघडलं होतं. आतली पेस्ट सुकून ते तापत होतं, म्हणून ती बदलली. आईला माहीत नव्हतं. तुझ्या पप्पांनी बरोबर ओळखलं." मग थोडं थांबून, "आडनाव विचारायला मीच सांगितलं होतं. कोण कोण येतं त्यांचं पूर्ण नाव लिहून ठेव म्हणालो. आधी एक जण पैसे पाठवल्याचा खोटा मेसेज दाखवून हेडफोन घेऊन गेला ना. तुझ्या पप्पांचं बोलणं आईला फार लागलंय."

"हो का," मी म्हणाले. माझाही विश्वास बसला नव्हता, आणि त्याला ते कळलं असावं. त्याने आईच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. बारीक, गोल अक्षरात तीन नावं, तीन आडनावं, पुढे फोन नंबर. चौथं आमचं.

तो फोटो मी पप्पांना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि आमच्या आडनावावर थांबले. काना, मात्रा, सगळं बरोबर लिहिलेलं होतं. मोबाईल परत देताना त्यांनी फक्त विचारलं, "दिघीला बस किती वाजता असते?"

पौर्णिमेला विहारात घालतात तो पांढरा शर्ट त्यांनी घातला. एकटेच गेले. दुपार सरली तरी आले नाहीत. आई दोनदा दाराशी जाऊन आली. उन्हं कलताना ते आले, तेव्हा हातात तोच टी-शर्ट होता आणि टी-शर्टात कार्ड. लाल ठिपक्याशेजारी हिरवा ठिपका होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"चहा केला होता."

"मग?"

"कपबशीत दिला. त्यांनी पण तसल्याच कपात घेतला." आणि ते हातपाय धुवायला मोरीत गेले.

कॉम्प्युटर आम्ही दोघांनी जोडला, स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर, जुन्या चादरीवर. पंखे फिरायला लागले तेव्हा पप्पांनी चालू मशीनवर ठेवतात तसा तळहात पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. "घरघर नाही," म्हणाले. ते माझं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, आणि त्या वर्षी मी रोज खोटं बोलत होते. हेडफोनमधून मी, नाशिकची एक, सांगलीची एक आणि ओडिशाची कुठलीशी एक मुलगी अशा आम्ही एकमेकींवर ओरडायचो. डोंगर, बर्फ, न पाहिलेली शहरं. कानावर हेडफोन आणि नाकात आईच्या फोडणीचा वास. जिन्यात पप्पांची पावलं वाजली की एक बटण दाबायचं, आणि स्क्रीनवर गिअरचं ड्रॉइंग यायचं. नेटवरून उचललेलं, एकच.

"आज काय काढलंस?" ते विचारायचे. मी तेच गिअर वेगळ्या कोनातून दाखवायचे. एकदा त्यांनी वाकून स्क्रीनवर नख टेकवलं. "हा दाता चुकलाय बघ." खरंच चुकला होता. तो दुरुस्त करायला मला दोन दिवस शिकावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं, मान हलवली आणि खूश होऊन चहा मागितला. ज्या माणसाने जगातली प्रत्येक गोष्ट उजेडाकडे धरून बघितली, त्याने माझा शब्द एकदाही धरून बघितला नाही. तेव्हा मला ती माझी हुशारी वाटायची.

गेल्या रविवारी पप्पा विहारातून आले तेव्हा मी अजून त्या उघड्या डब्यासमोर बसले होते. आता ते निवृत्त आहेत. मी माण गावातल्या एका कंपनीत कामाला आहे, पुनावळ्याला मैत्रिणींबरोबर राहते. लपवायचं आता काही कारण नव्हतं. मी हसत हसतच सांगितलं. "पप्पा, हा मी ड्रॉइंगला घेतलाच नव्हता. गेम खेळायला घेतला होता."

ते हसतील असं मला वाटलं होतं.

"आणि ती ड्रॉइंगं?"

"एकच होतं. तुम्ही आलात की उघडायचे."

पप्पा खुर्चीवर बसले. आईचे मेथी निवडणारे हात थांबले. पप्पा म्हणाले, "दुसऱ्यांदा दिघीला गेलो, तेव्हा त्या बाई कार्ड द्यायला तयार नव्हत्या. मी माफी मागितली, तरी नाही म्हणाल्या. मग म्हटलं, माझा राग पोरीच्या शिक्षणावर काढू नका. गिअर काढते ती स्क्रीनवर, माझ्यापेक्षा पुढं जाणार आहे. हात जोडून म्हटलं. तेव्हा उठल्या आणि चहा टाकला."

"सॉरी, पप्पा," मी म्हटलं.

"त्यांना मी विचारलं होतं, मग खोटं कोण बोलतंय म्हणून." ते फरशीकडे बघत होते. "त्या घरात तेव्हा खोटं आपल्याच बाजूनं होतं."

चारला भंगारवाला आला. त्याने कॉम्प्युटर, झाकणं, बादली एकत्र काट्याला अडकवली. पप्पा दारातच उभे होते. त्यांनी काट्याकडे बघितलं नाही. आईने बघितलं.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखा. "पोचलीस की फोन कर," म्हणाले.

पुनावळ्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. जिना चढून कुलूप काढलं, दिवा लावला आणि फोन केला. इतकी वर्षं हा फोन चार शब्दांत संपतो. मी म्हणते, पोचले. ते म्हणतात, बरं, जेव.

"पप्पा, पोचले."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"खरंच पोचलीस?"

मी फोन कानापासून बाजूला घेतला आणि व्हिडिओ चालू केला. त्यांचा चेहरा आला, चष्मा लावलेला, अगदी जवळ. मी त्यांना खोली दाखवली. ओटा, खिडकी, दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल, कॉटवर ठेवलेली पर्स. ते एकेक वस्तू नीट बघत होते.

"दाराची कडी दाखव," ते म्हणाले.

मी दाराजवळ गेले आणि कडी दाखवली.